देवमाशाचं डोकं कुणाच्या शेतात

देवमाशाचं डोकं यंदा कुणाच्या शेतात असावं यावरून पोशीरला दोन भाऊ हटून बसले आहेत, असं तेजश्रीने फोनवर सांगितलं तेव्हा मी खोपोलीला, आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात, नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होते. तेजश्री पोशीरच्या शाळेची मुख्याध्यापिका, आणि माझ्या वडिलांची एकेकाळची विद्यार्थिनी.

"प्रमोदिनीताई, तुम्ही याच," ती म्हणाली. "मी दोघांच्याही घरी जाऊन आले. मोठे म्हणतात डोकं आमच्याकडे, धाकटे म्हणतात आमच्याकडे. नसेल तर जनावरच नको, असं दोघंही म्हणतात. तेवढ्यावर मात्र त्यांचं एकमत आहे."

"विज्ञान दिन शुक्रवारी ना?"

"हो. नाहीच जमलं तर मी प्रोजेक्टर सांगून ठेवलाय. पडद्यावर दाखवू मुलांना."

"पडदा केवढा आहे?"

"वर्गाच्या दाराएवढा," ती म्हणाली. "म्हणून तर तुम्हाला फोन केला."

मी दोन दिवसांची रजा टाकली आणि बुधवारी सकाळी नेरळला आले.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पोशीरच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. राहायला आम्ही नेरळला. ते रोज सायकलने जात, आणि निवृत्त झाल्यावरही जात राहिले, कारण जाऊ नका असं त्यांना कुणी स्पष्ट सांगितलं नाही. दर फेब्रुवारीच्या अखेरीस ते सातवीच्या मुलांकडून शाळेमागच्या भातखाचरात निळा देवमासा काढून घेत, खऱ्या मापाचा. नाकाडापासून शेपटीपर्यंत तीस मीटर. धसकटांनी भरलेल्या जमिनीवर फक्कीची रेघ दिसत नाही, म्हणून भाताच्या पेंढ्याची जाड रेघ घालायची. मापाला एक सुंभाचा दोर होता. त्याला ठिकठिकाणी रंगीत चिंध्या बांधलेल्या असत. पहिली चिंधी हत्तीची, दोर संपतो ते टोक देवमाशाचं. डोळ्याच्या जागी एक मूल उभं राहायचं. डोळा कोण होणार यावर वर्गात आठवडाभर मारामारी चाले.

आकृती पुरी झाली की अण्णा सगळ्यांना शाळेच्या स्लॅबवर नेऊन खाली बघायला लावायचे. मग ते दरवर्षी तेच सांगायचे. आजवर पृथ्वीवर जे जे प्राणी होऊन गेले त्यांत, आपल्याला ठाऊक आहे तिथपर्यंत, वजनाने सगळ्यात मोठा हा. आणि हा आत्ता जिवंत आहे. मोठं होतं ते सगळं होऊन गेलं आणि आपल्या वाट्याला उरलंसुरलं आलं, असं कुणी समजू नका. आपण उशिरा आलेलो नाही.

सगळा पाठ या शेवटच्या वाक्यासाठी होता. पेंढा, दोर आणि चिंध्या ही त्याची तयारी.

अण्णा श्रावणात गेले. त्याच्या आधीच्या फेब्रुवारीत ते अंथरुणावर होते, त्यामुळे त्या वर्षी देवमासा निघालाच नव्हता. यंदाही निघाला नाही तर पुढे कोणी काढणार नाही, हे मला खोपोलीतच कळलं होतं. एक वर्ष चुकलं तर अडचण म्हणतात. दोन वर्षं चुकली की आठवण होते. मला आठवण नको होती. ती माझ्याजवळ पुरेशी होती.

शाळेमागे तीस मीटरहून लांब सलग, सपाट जागा एकच आहे. पूर्वी ते एक खाचर होतं. नंतर वाटणी झाली आणि मधोमध बांध आला. एका बाजूला थोरले मालोजी, दुसऱ्या बाजूला धाकटा किशोर. बांध हातभर सरकला की नाही सरकला यावरून दोघांचं बोलणं बंद झालं, ते बंदच राहिलं. पण देवमासा बांधाच्या आधीचा होता, आणि अण्णांनी तो बांधापायी छोटा करायला नकार दिला. त्यांनी तोड काढली: एका वर्षी डोकं मालोजींच्या शेतात आणि शेपूट किशोरच्या, पुढच्या वर्षी उलट. त्याला गावात हळूहळू 'डोक्याचा मान' म्हणू लागले. गावात कशालाही मान चिकटतो.

मी आधी मालोजींकडे गेले. ते पडवीत बसून दोरखंड वळत होते.

"ये गं पोरी. बस. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो. गुरुजींना तिच्यावर कसं बसायचं ते ठाव होतं."

मी जमिनीवर बसले. विचारपूस झाली. आत सुंदराकाकू भाकऱ्या थापत होत्या, त्याचा आवाज येत होता.

"काका, डोक्याचं काय?"

"काय म्हंजी? माज्याकडं." त्यांनी दोरखंड बाजूला ठेवला. "हे बघ. शेवटचा मासा निघाला तवा डोकं माज्याकडं होतं, खोटं बोलनार नाय. पुढलं साल किशोरचं. ते साल आलंच नाय. मंग? जत्रेत पालखीचा मान असतो घराघराला. ऐन वक्ताला येका घरात सुतक पडलं, तर पालखी थांबती का? पुढल्या घरी जाती. हुकला तो हुकला. यंदाचं पुढलं घर म्हंजी मी."

"जसं काय डोक्यातनं सोनं गळतं," आतून सुंदराकाकू म्हणाल्या.

"गळतं! डोकं आलं त्या सालाला भात बघ कसं येतं."

"डोक्याकडं पेंढा जास्ती पडतो. गुरं तिथंच जाऊन बसतात. शेन पडतं. भात नाय येनार तर काय गुलाब येनार?"

"तू भाकरी बघ, करपंल."

"माजी नाय करपत. तुमचं डोस्कं करपलंय."

मालोजींनी माझ्याकडे बघून मान हलवली, जणू हे सगळं घरातलं आहे, मुद्द्याचं नाही.

किशोर घरामागे टेंपो धूत होता. बाजूला सिमेंटच्या खांबांची रास आणि काटेरी तारेची भेंडोळी पडली होती. मी काही बोलण्याआधीच तो म्हणाला, "पालखीचं सांगितलं ना भाऊंनी?"

"सांगितलं."

"सांगनारच. ताई, तुमीच सांगा. सुतक कुनाच्या घरात पडलं होतं? माज्या? माजं खाचर रिकामं, पेंढा तयार, मी वाट बघत. आन् गुरुजी तवा आजारी होते, गेले नव्हते. आजारपनाचं सुतक असतं का कुटं?"

"नसतं."

"मंग माजा नंबर बाकी हाय." त्याने फडका पिळला. "आन् मे महिन्यात मी तार घालतोय बांधावर. रोजची कटकट नको. मंग मासा बी नाय नि काय बी नाय. म्हनून हा शेवटचा मी सोडनार नाय." फडका त्याने टेंपोच्या आरशावर टाकला. "आमच्या वर्गाच्या टायमाला बांध नव्हता. मी डोळा होतो, म्हाईताय? अर्धा तास हललो नाय. गुरुजी म्हनले, माशाला पापनी मिटायची घाई नसते."

देवमासा हा मासा नाही, हे अण्णांनी त्याला तेव्हाही सांगितलं असणार.

संध्याकाळी नेरळच्या घरी दोर खाली काढला. दाराच्या मागे खिळ्याला टांगलेला होता. सुंभाची धूळ हाताला लागली. चिंध्या मी ओळखत होते. लाल हत्तीची. पिवळी त्या अजस्र, शिंग नसलेल्या गेंड्यासारख्या प्राण्याची, ज्याची हाडं बलुचिस्तानात सापडली. जमिनीवर चालणाऱ्या सस्तन प्राण्यांत त्याच्याएवढे फार थोडे झाले. तो हिरव्या पानांना मान वर करून तोंड लावायचा आणि केव्हाच नाहीसा झाला. हिरवी चिंधी देवमुशीची, म्हणजे माशांतल्या सगळ्यात मोठ्या माशाची. मग टोक.

डायनासोरची चिंधी नव्हती. दरवर्षी मुलं विचारायची, आणि अण्णा तोंडी उत्तर देऊन पुढे जायचे. मी एकदा कारण विचारलं तेव्हा म्हणाले होते, "जमिनीवर काढला की लांबी दिसते, वजन दिसत नाही. पोरं लांबीला भुलतात. माणसंही."

ते हट्टी होते, पण आंधळे नव्हते. आजारी पडण्याच्या थोडं आधी बातमी आली होती की पेरूच्या वाळवंटात एका जुन्या देवमाशाची हाडं सापडली आहेत, इतकी जड की त्याचं वजन निळ्या देवमाशापेक्षाही जास्त भरावं. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. ते म्हणाले, "खरं असेल तर पाठ बदलीन. चुकीचं शिकवून मोठं कशाला व्हायचं?" मग पुढच्या वसंतात, ते अंथरुणावर असताना, दुसऱ्या संशोधकांनी तोच हिशोब पुन्हा मांडला आणि तो प्राणी बराच हलका निघाला. मी मोबाइलवरून वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बघ, आपण यंदा काढला नाही तरी तो मोठाच आहे."

मी दोर पायाशी घेऊन बसले होते. दोन भाऊ, दोन शेतं, डोकं एक. अण्णांना आळीपाळी पुरली, कारण मध्ये कधी खंड पडला नव्हता. खंड पडल्यावर काय करायचं हे ते ठरवून गेले नव्हते. ते ठरवायचं काम माझ्याकडे आलं होतं, आणि ते मला जमणार आहे असं मला त्या वेळी आतून वाटलं. डोकी दोन हवीत. म्हणजे प्राणी दोन.

अर्जेंटिनात सापडलेला सगळ्यात अवाढव्य डायनासोर पस्तीस मीटरच्या आसपास असावा, असा अंदाज आहे. दोर पाच मीटर कमी पडत होता. कपडे वाळत घालायची निळी नायलॉनची दोरी घरात होती. ती मी सुंभाच्या टोकाला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली. अण्णांनी नाही म्हटलेली गोष्ट मी करणार होते. त्याची मला भीती वाटली नाही. कारण मिळालं तर पाठ बदलायला ते स्वतः तयार होते.

गुरुवारी दोघा भावांना बांधावर बोलावलं. ते आपापल्या बाजूला उभे राहिले. सुंदराकाकू मालोजींच्या मागे बांधावरच बसल्या. तेजश्री शाळेच्या मागच्या दारात उभी होती, गरज पडलीच तर मदतीला, नाही तर प्रोजेक्टरला.

"यंदा दोन जनावरं काढायची," मी म्हणाले. "एक देवमासा, एक डायनासोर. शेजारीशेजारी, उलटसुलट. एकाचं डोकं काकांकडे, एकाचं किशोरदादांकडे."

किशोरने आधी तोंड उघडलं. "डायनासोर म्हंजी ते मेलेलं ना?"

"हो. सगळी जात संपली."

"मंग ते तिकडं. माजा नंबर बाकी असून मेलेल्यावर भागवताय?"

"त्याला सांग पोरी," मालोजी माझ्याकडे बघून म्हणाले, "माज्या खाचरात मी मेलेलं जनावर घेनार नाय. उगा अवदसा."

"त्यांना सांगा ताई, दोन वर्सं डोकं खाऊन बसलेत."

"त्याला सांग, बांध खाऊन बसलेल्यानं बोलू नये."

दोघांमध्ये चार हातांचं अंतर होतं, आणि प्रत्येक वाक्य माझ्यामार्गे वळसा घेऊन जात होतं. तेवढ्यात सुंदराकाकू पदर झटकून उभ्या राहिल्या.

"गुरुजींचं वरीस झालंय का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही काकू. श्रावणात."

"मंग काय भांडताय? वरीस फिरेस्तोवर मान मेलेल्याचा असतो. पैला घास त्याचा, पैला दिवा त्याचा. यंदा मेलेल्या जनावराचं डोकं ज्याच्याकडं, त्याच्याकडं गुरुजींचा मान. इतकं बी कळंना?"

लांब कुठेतरी कोणी झाडाच्या फांद्यांची कवळं तोडत होतं, भातरोपांचा राब भाजायला, त्याचा कोयत्याचा आवाज येत होता.

"तसं असंल," मालोजी म्हणाले, "तर थोरल्याकडं यायला पायजे. रीत हाय."

"का?" किशोर म्हणाला. "माजा नंबर बाकी हाय! गुरुजींचा डोळा मी होतो!"

"त्याला सांग, आता आला मेलेल्याकडं!"

"त्यांना सांगा, अवदसा कोन म्हनत होतं?"

तेजश्रीने दारातून माझ्याकडे पाहिलं आणि हसू लपवायला तोंडावर हात ठेवला. मलाही हसू आलं, सहा महिन्यांत पहिल्यांदा, आणि ते मी लपवलं नाही. पण आता निकाल मलाच द्यायचा होता.

"ऐका," मी म्हणाले. "खंड पडला तो तुमच्यामुळे नाही. ना काकांमुळे, ना किशोरदादांमुळे. खंड आमच्या घरामुळे पडला. अण्णा आजारी होते, म्हणून देवमासा निघाला नाही. आमच्या घराची अडचण मी कुणाच्या मानातून वजा करणार नाही. देवमाशाचा मान जिथे थांबला तिथूनच पुढे जाईल. डोकं किशोरदादांकडे."

किशोरने मालोजींकडे पाहिलं नाही, पण छाती जराशी पुढे आली.

"आणि डायनासोरचं डोकं काकांकडे. काकू म्हणाल्या ते मला पटलं."

मालोजींनी हनुवटी खाजवली. "हे मेलं कवा?"

"नऊ कोटी वर्षांपेक्षा आधी."

"नऊ कोटी!" त्यांचा चेहरा मोकळा झाला. "मंग सुतक कवाच फिटलं असंल. येऊ दे माज्याकडं."

शुक्रवारी सकाळी सातवीचा वर्ग पेंढ्याचे भारे डोक्यावर घेऊन खाचरात उतरला. पेंढा दोन्ही घरांतून सारखा आला. तो सारखा आहे याची दोघांनीही लांबून खात्री करून घेतली. मी दोराचं एक टोक धरलं, तेजश्रीने दुसरं. देवमासा आधी काढला. तो अण्णांबरोबर इतक्यांदा काढला होता की पाठीची रेघ कुठे फुगते आणि शेपटीकडे कुठे बारीक होते हे पायांना माहीत होतं. बांधाशी पेंढा चढून पलीकडे उतरला, पोटाला वळी पडावी तसा. डोळ्याच्या जागी एक मुलगी उभी राहिली आणि पुतळ्यासारखी झाली. किशोर तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. "पापनी मिटली तर चालंल," त्याने तिला हळूच सांगितलं. "मी मिटली होती."

मग डायनासोर. नायलॉनची दोरी संपेपर्यंत गेलो. मान लांबच लांब, शेपटी त्याहून लांब, मध्ये पोटाचा फुगवटा. आणि मालोजींच्या शेतात डोकं. ते मी पुस्तकातल्या अंदाजाप्रमाणे घातलं, कारण त्या प्राण्याची कवटी कुणाला सापडलेलीच नाही.

मालोजी त्याच्याभोवती फिरले. "हे डोकं?"

"एवढंच असावं, काका."

"माज्या म्हशीचं मोठं हाय."

बांधापलीकडे किशोरला ठसका लागला. तो खोटा होता.

स्लॅबवर जायची वेळ झाली. वर उभं राहिल्यावर दोन्ही आकृत्या पिवळ्या रेघांनी नीट दिसत होत्या, मागे माथेरानचा डोंगर. मुलांनी एक क्षण पाहिलं आणि एकच ओरडा केला.

"डायनासोर जिंकला!"

"मॅडम, डायनासोर मोठाय! शेपटी बघा, पार त्या कडेपर्यंत!"

"देवमासा हरला!"

तेजश्रीने माझ्याकडे पाहिलं. अण्णा म्हणाले होते ते नेमकं समोर घडत होतं. लांबी दिसत होती, वजन दिसत नव्हतं, आणि त्यांचं वाक्य आता मला म्हणता येणार नव्हतं. खाली डोळ्यांना एक प्राणी मोठा दिसत असताना दुसऱ्याला मोठा म्हणा असं मी मुलांना सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं, वहीत लिहूनही घेतलं असतं. पटलं नसतं. अण्णांना पटलेलं हवं असे.

माझ्या हातात अजून दोर होता. लाल चिंधी बोटात आली. हत्ती.

"खाली चला," मी म्हणाले. "सगळे. आता तुम्ही हत्ती आहात."

"कोण? आम्ही?"

"एकेक जण एक हत्ती. सहा टनांचा, पूर्ण वाढलेला नर. सोंड वर करायची गरज नाही."

सोंडा वर झाल्याच. खाचरात उतरल्यावर मी त्यांना रांगेत घेतलं. "डायनासोरचं वजन साधारण सत्तर टन. म्हणजे बारा हत्ती. पहिले बारा, त्याच्या पोटात जा."

बारा मुलं पेंढ्याच्या रेघेवरून उड्या मारून आत गेली. मानेत कुणी मावलं नाही, शेपटीत दोघांनी एकामागे एक उभं राहून पाहिलं. पोटात ती पसरून उभी राहिली, मध्ये हवी तेवढी जागा.

"आता देवमासा. दीडशे टन. मोठा असेल तर त्याहून जास्त, पण आपण दीडशेच धरू. म्हणजे पंचवीस. डोळा धरून."

ती जायला लागली. दहा गेली, पंधरा गेली, मग धक्काबुक्की सुरू झाली. बांधाच्या दोन्ही अंगांना ती दाटीवाटीने उभी राहिली. काही बांधावरच चढली. डायनासोरमधल्या मुलांची बडबड थांबली. ती बारा जण मान वळवून पलीकडे बघत होती, आणि पलीकडे अजून मुलं येतच होती.

"अजून?" डायनासोरमधून कुणीतरी ओरडलं.

"अजून," मी म्हणाले.

पंचविसावं मूल आत शिरलं तेव्हा बाहेर तिघं उरली. ती हिरमुसली. "तुम्ही तिघं मिळून बलुचिस्तानचा गेंडा," मी त्यांना सांगितलं. "जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांत तुमच्याएवढे मोठे क्वचितच झाले." ती तिघं लगेच ऐटीत उभी राहिली.

मालोजी बांधावर आले. "पोरी, माज्याकडं बाराच?"

"बाराच, काका."

"दोन वाढव की. बरं नाय दिसत."

"नाही वाढवता येत. हाडं जेवढी सांगतात तेवढंच."

"आन् त्याच्यात पंचवीस. येवढं वजन घेऊन हे जनावर उभं कसं ऱ्हातं?"

"राहतच नाही. जमिनीवर आलं तर स्वतःच्याच वजनाने चिरडून मरेल. त्याला पाणी पेलतं. म्हणून ते एवढं वाढू शकलं. डायनासोरला स्वतःचं ओझं चार पायांवर घ्यावं लागलं."

मालोजींनी आपल्या डायनासोरकडे पाहिलं, पोटातल्या बारा हत्तींकडे, लांबलचक मानेकडे. "चार पायांवर," ते म्हणाले. "तरी येवढं झालं. शाब्बास."

त्या क्षणी मला दोन्ही प्राणी बरोबर वाटले. मी मुलांना गप्प केलं.

"मोठा कोण?"

"देवमासा!" पंचवीस जण ओरडले. मग बारा जण. त्यातल्या एकाने "पण लांब आम्ही," असं जोडलं. ते बरोबर होतं आणि मी तसं सांगितलं.

"वजनाने आजवरचा सगळ्यात मोठा प्राणी, आपल्याला ठाऊक आहे तिथपर्यंत, हा. उद्या कुठे याहून मोठी हाडं निघाली तर आपण पाठ बदलू. पण आज हा आहे, आणि हा जिवंत आहे."

"आत्ता?" डोळा झालेल्या मुलीने विचारलं. तिने अजून मान वळवली नव्हती. "आत्ता या मिनिटाला आहे?"

"या मिनिटाला. समुद्रात. आपल्या कोकण किनाऱ्यासमोरही दिसलेला आहे." मग मी ते वाक्य म्हटलं. अण्णा म्हणायचे तेच, शब्द न बदलता. "मोठं होतं ते सगळं होऊन गेलं आणि आपल्या वाट्याला उरलंसुरलं आलं, असं कुणी समजू नका. आपण उशिरा आलेलो नाही."

मी ते त्यांचं वाक्य म्हणून उच्चारायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते माझं होतं. मला ते खरं वाटत होतं. अण्णा नव्हते, तरीही.

मुलं पोट रिकामं करून पांगली. आता पेंढ्यावर गुरं येतील, दोन्हीकडे सारखी, असं सुंदराकाकू म्हणाल्या आणि माझ्या हातात चहाचा कप दिला. मी दोर गुंडाळायला घेतला. निळ्या दोरीची गाठ सोडली नाही. हत्तीच्या चिंधीजवळ आले तेव्हा किशोर जवळ आला. हातात बांधकामाची टेप होती.

"ताई, बांधावर माशाचं पोट केवढं येतं?"

"चार मीटर. थोडं जास्तच धरा."

त्याने टेपचं टोक पेंढ्याच्या एका रेघेवर पायाने दाबून ठेवलं, बांधावरून चालत दुसऱ्या रेघेपर्यंत गेला, आणि दोन्ही ठिकाणी एकेक दगड ठेवला.

"कशाला?" मी विचारलं.

"तार घालनारच हाय," तो म्हणाला. "तेवडं सोडून. मदी फाटक करतो. पुढल्या साली डोकं तिकडं जाईल, तवा येवडी वाट लागंल ना."

मालोजी आपल्या बाजूला पाठमोरे उभे होते. त्यांना ऐकू गेलं होतं, हे त्यांच्या मानेवरून कळत होतं. ते वळले नाहीत.

"त्याला सांग पोरी," ते म्हणाले, "फाटक मोठं ठेव. आमचं मेलेलं बी जायला पायजे."

मी किशोरकडे वळले. त्याने दगड उचलून आधीच दोन पावलं पलीकडे ठेवला होता.